समाजमंदिरातला पलंग

पलंग जागेवर नव्हता. केरूआप्पा पंधरा दिवसांनी सटाण्याहून, लेकीकडून परत आले, पिशवी खुंटीला अडकवली आणि सवयीनं मागं न बघता बसायला गेले, ते धाडकन फरशीवर आपटले.

"लंका! अगं, पलंग कुठं गेला?"

"समाजमंदिराला दिला," लंकाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "घरटी एक लाकूड द्यायचं ठरलंय. आपलं घर काय वसाहतीबाहेर आहे?"

आप्पा फरशीवरून उठायचंच विसरले. सागवानी पलंग, बापानं हौसेनं करवून घेतलेला! आप्पा एसटीत ड्रायव्हर. मुक्कामाची गाडी घेऊन पेठ-सुरगाण्याकडं गेलं, की रात्रभर सीटवर अवघडून पडायचं आणि या पलंगाची आठवण काढायची, अशी त्यांची अख्खी नोकरी गेली. रिटायर झाल्यापासून तर ते त्यावरून उठलेच नव्हते म्हणा ना. जेवण त्यावर, पेपर त्यावर, बायकोशी भांडणसुद्धा त्यावर लोळूनच. उशाशी कठड्यावर त्यांच्या विडीचा काळा डाग होता. तो चाचपल्याशिवाय त्यांना झोप येत नसे.

आणि दिला कुणाला, तर त्या लाकडी समाजमंदिराला! वसाहतीतलीच राखी आर्किटेक्ट झाली आणि तिच्या डोक्यात हे आलं. जुन्या चौकटी, मोडकी दारं, अंबडच्या कारखान्यांतले माल ठेवायचे टाकाऊ लाकडी पॅलेट, यातूनच सगळं उभं करायचं. नवं झाड एकही तोडायचं नाही. आप्पांनी भर बैठकीत तिला सुनावलं होतं, "सिमेंटचा स्लॅब टाक पोरी! लाकूड म्हणजे वाळवीची पंगत. मी तर पाऊल ठेवणार नाही तिथं."

त्या रात्री सतरंजीवर डोळ्याला डोळा लागला नाही. पुढच्याही रात्री नाही. डोळे तांबारले, कंबर धरली. गल्लीत कुत्रं भुंकलं तरी आप्पा लंकाबाईंवर खेकसू लागले. शेवटी पाऊल न ठेवण्याची भाषा गुंडाळून ते तरातरा समाजमंदिरात गेले.

"माझा पलंग काढून दे!"

राखी शिडीवर होती. तिला कळेचना. "कुठला पलंग, आप्पा? सगळ्या लाकडाला एकत्रच रंधा मारलाय. कुणाचं काय कुठं लागलं, मला तरी काय ठाऊक?"

"तुला नसेल. माझ्या पाठीला ठाऊक आहे."

आप्पांनी चपला काढल्या आणि भिंतीकडेच्या पहिल्या बाकावर ताणून दिली. लगेच उठले. "छे! हे कुणाच्या तरी संडासाचं दार आहे." दुसरं बाक कुरकुरलं. "ही त्या कुरकुऱ्या बयाबाईच्या घरची वस्तू. आवाजावरून कळतंय." ते मंचावर लोळले, पायरीवर लोळले. बचत गटाच्या बाया बैठकीसाठी आल्या होत्या, त्या तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. मग आप्पा खिडकीखालच्या रुंद बाकावर आडवे झाले. समोर कडुनिंब होता, जाळीतून वारा येत होता, बाया हलक्या आवाजात काहीबाही बोलत होत्या. आप्पांच्या तोंडून एक समाधानाचं "हां" निघालं आणि त्यामागोमाग घोरणं.

उन्हं कलल्यावर उठले ते ताजेतवाने. कुणीतरी चहा दिला. "हाच तो," त्यांनी बाकावर थाप मारून जाहीर केलं. "बापाचं सागवान आहे. विडीचा डाग तेवढा मिस्त्रीनं रंध्याखाली घालवला."

त्या दिवसापासून आप्पांचा मुक्काम तिथंच. सकाळी दार तेच उघडायचे. बाकाला जवसाचं तेल लावायचे. कुणी चपलेसह पाय वर घेतला, की अंगावर धावून जायचे. बघायला येणाऱ्या पाहुण्यांना तर सोडायचेच नाहीत. "एक झाड तोडलं नाही साहेब! सिमेंट हवंय कशाला? उन्हाळ्यात भट्टी नुसती!" राखी ऐकायची आणि कपाळाला हात लावायची.

उद्घाटनाच्या सकाळी बुद्धवंदना झाली आणि आप्पांनी न विचारताच माइक हातात घेतला. "माझ्या बापाच्या पाठीखालचं लाकूड आज समाजाच्या पाठीखाली आलं," ते म्हणाले आणि त्यांनी बाहीनं डोळे पुसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत लंकाबाई आणि शेजारच्या शकुबाई तोंडात पदराचा बोळा कोंबून गदगदत होत्या. बायकोलाही भरून आलं, हे बघून आप्पांना फार बरं वाटलं.

जेवणं उरकून दुपारी ते उशी घ्यायला घरी आले आणि दारातच थबकले. पलंग जागेवर होता. कठड्यावर विडीचा डागही होता.

"शकुबाईच्या माडीवर ठेवला होता," लंकाबाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "समाजमंदिराला आपली माळ्यावरची मोडकी शिडी तेवढी गेली. काय करू? रिटायर झाल्यापासून उंबऱ्याबाहेर पडत नव्हता तुम्ही. नुसते पडून. भीती वाटायची हो मला. आता रागवायचं तर रागवा. हा घ्या तुमचा पलंग."

आप्पांनी त्या डागावरून बोट फिरवलं. पलंगावर बसले. आडवे झाले. ही कूस झाली, ती कूस झाली. बराच वेळ त्यांनी छताकडं बघितलं. मग उठले, उशी काखेत मारली आणि चपला शोधू लागले.

"अहो, आता कुठं?"

"शकुबाईचा पलंग शकुबाईला परत देऊन ये," आप्पा दारातून म्हणाले. "आपला तिकडं आहे."