पाइनच्या खालच्या फांद्या

सकाळपासून लोविसामावशी चौथ्यांदा चित्रासमोर येऊन उभी राहिली. पिवळे पडलेले बर्च, काळसर तळं, चर्चकडं जाणारी वाट आणि वाटेवरचा पाइन. हेलसिंकीहून आलेला तिचा भाडेकरू आर्विद पंधरा दिवस आपल्या खोलीत बसून हा शरद रंगवत होता.

"ह्या पाइनला खाली फांद्या कुठून आल्या?"

"नुसताच बोडका होता, मावशी. चित्रात बरा दिसेना, म्हणून मी घातल्या."

"बोडका होता म्हणे! अहो, आम्ही छाटलाय तो. ह्याच वसंतात, माझ्या लेकाची, तानेलीची शवपेटी नेताना. गेलेला माणूस घराकडं परत निघाला, तर छाटलेलं झाड बघून तिथंच थांबतो, पुढं येत नाही. एवढं शिकलात आणि हे ठाऊक नाही?"

आर्विद ओशाळला. "चुकलं माझं. रंग ओला आहे अजून, आत्ता पुसतो," म्हणत त्याने टर्पेंटाइनचा बोळा उचलला.

मावशी दारापर्यंत गेली. बाहेर वाटेकडं बघून परत आली. कोरडेच हात एप्रनला पुसत पुन्हा दाराकडं निघाली आणि अर्ध्यातूनच वळली. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"राहू द्या."

"पण मावशी, मग तो..."

"राहू द्या म्हटलं ना!"

तिने पलंगावरची त्याची उशी आणि पांघरूण काखेत मारलं.

"आणि आजपासून तुम्ही वाफेच्या न्हाणीघरात झोपा. ही खोली तानेलीची आहे."