डाव्या हाताचे स्वर

जालिंदरची बोटं पुन्हा एकदा उशिरा पडली. लेकीची, चैतालीची, चाल मध्यमावर जाऊन पोचली होती आणि याचा डावा हात अजून आधीच्याच कॉर्डवर मुक्काम ठोकून होता. कॅसिओतून नको तो आवाज निघाला.

"आता," चैताली म्हणाली. म्हणजे आता बदलायला हवं होतं.

"हां हां. परत घे."

तिने परत घेतलं. उजव्या हाताने चाल ती वाजवायची, डाव्या हाताचे तीन-तीन स्वर तो दाबायचा. पट्ट्यांवर त्याने चिकटपट्टीचे तुकडे लावून पेनाने लिहून ठेवलं होतं. सा ग प. म ध सा. प नि रे. गुरू म्हणजे मोबाईल. मोटारीत तांब्याची तार भरून भरून निबर झालेली त्याची बोटं, त्यांना एका पट्टीवर एकच बोट ठेवणं म्हणजे शिक्षाच होती.

वडवणीत त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. कुणाची लाईट गेली, कुणाचा पंखा जळाला, लोक आधी त्याला फोन लावत. म्हणून चौदा महिन्यांपूर्वी त्याने जे सांगितलं ते पोलिसांनीही लिहून घेतलं आणि गावानेही ऐकून घेतलं. गोठ्यात कडबा कुट्टीच्या यंत्रात वैरण अडकली होती. त्यात लाईट गेलेली. जालिंदर बोर्डापाशी फोनवर बोलत उभा होता. चैतालीने वैरण ओढायला हात घातला आणि तेवढ्यात लाईट आली. तिचं बटण बंद करायचं राहून गेलं होतं. डावा हात मनगटापासून गेला. आपल्याला त्यातलं काही आठवत नाही, असं चैतालीनेच दवाखान्यात सांगितलं होतं.

तेव्हापासून ती हो-नाहीच्या पलीकडे बोलत नव्हती. आणि जालिंदरला तर कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. कोरड्यास अळणी झालंय हेसुद्धा राजश्रीने, त्याच्या बायकोने, सांगितल्यावर कळायचं. दुकानात एकदा करंट बसला, तर त्याने हात मागे घेतला आणि पुन्हा कामाला लागला. घाबरलासुद्धा नाही.

त्याला एकच गोष्ट हवी होती. पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर चैतालीने पूर्वीसारखं वाजवावं. ते झालं की सुटलो, असं त्याने मनाशी धरलं होतं. म्हणून त्यानेच कॅसिओवरचं फडकं काढलं आणि रोज संध्याकाळी एकटाच डाव्या हाताने धडपडू लागला. पंधराव्या दिवशी चैताली येऊन त्याच्या उजव्या बाजूला बसली आणि चाल धरली. त्याला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

दारात चपला वाजल्या. विहाराच्या महिला मंडळाच्या सुभद्राबाई आल्या होत्या.

"रस्त्यापोतर ऐकू येतंय की! बाप असावा तर असा. पोरीचा हात झालाय बघ."

राजश्रीने त्यांना पाट दिला.

"पौर्णिमेला नाव लिहू का मग दोघांचं?" सुभद्राबाईंनी विचारलं. मग चैतालीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "लई गुणाची पोर हाय. तवा तेवढं बटण बंद केलं असतंस बाई..."

"मी बी तेच म्हणते," राजश्री म्हणाली. "रोज म्हणते. एवढं शिकलेली पोर, आन् बटण बंद करायचं कळू न्हाई?"

चैतालीने मान खाली घातली. जालिंदर 'म ध सा'च्या चिकटपट्टीकडे बघत राहिला.

"लिहा नाव," तो म्हणाला.

सुभद्राबाई गेल्या. चैतालीने कॅसिओचा ताल लावला. ढोलकीचे चार ठेके पडले, ती चाल उचलणार इतक्यात लाईट गेली. पंखा थांबला, समोरच्या गोठ्यातला बल्ब विझला. घराचा आणि गोठ्याचा मीटर एकच. कॅसिओही अर्ध्या ठेक्यात मुका झाला. त्याची सेलची जागा चार वर्षांपूर्वीच गंजून गेली होती, तेव्हापासून सगळा भार वायरवर.

तिघं अंधारात बसली. राजश्री मेणबत्ती शोधायला उठली आणि तेवढ्यात लाईट आली. पंखा आपोआप फिरू लागला, गोठ्यातला बल्ब आपोआप पेटला. कॅसिओ मात्र मुकाच. त्याचं तसंच होतं, लाईट आली की बटण दाबून चालू करा, ताल नव्याने लावा.

चैताली कॅसिओकडे बघत बसली होती.

"कावून थांबलीस? लाव की," राजश्री आतून म्हणाली.

चैतालीने बटण दाबलं, ताल लावला, चाल धरली. या वेळी जालिंदरचा हात चुकला नाही. 'सा ग प'वरून 'म ध सा', तिथून 'प नि रे', आणि परत घरी. तिला एकदाही 'आता' म्हणावं लागलं नाही. शेवटच्या कॉर्डला पट्ट्यांची थरथर त्याच्या बोटांत उतरली आणि कोपरापर्यंत चढली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्याला काहीतरी लागलं. डोळे भरून आले. त्याला फार बरं वाटलं.

"बसायचं ना मग पौर्णिमेला?" त्याने विचारलं.

"बसू," चैताली म्हणाली. ताल अजून वाजतच होता. तो तिने बंद केला नाही.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, आईला ऐकू जाणार नाही इतकं हळू, "त्या दिवशी तुम्ही गोठ्यातून हाक मारली, तेव्हा मी ताल असाच चालू ठेवून आले होते. मला गाडीत घालेपर्यंत तो वाजत होता, मधे एकदाही थांबला नाही."