आईच्या शेजारची खुर्ची

वृद्धनिवासात राहायला गेल्यापासून आई आपल्या खोलीत एकटीच जेवायची. तिथलं जेवणघर मी नव्याने आखून दिलं ते खरं तर तिच्यासाठीच. गोल टेबलं, भरपूर उजेड, हात टेकता येतील अशा खुर्च्या. तरी ती हलेना. "एकटीने जायला कसंतरीच वाटतं गं," म्हणायची. मला मात्र तिकडे जायला सवड होत नव्हती.

आज दुपारी ऑफिसातून व्हिडिओ कॉल लावला, तर आई जेवणघरात सगळ्यांमध्ये बसून हसत होती.

मला भरून आलं. "आई, कुणी आणलं गं तुला?"

"थट्टा करतेस होय? रोज तूच तर हाताला धरून आणतेस!"

तिने फोन शेजारी वळवला.

शेजारच्या खुर्चीवर मी बसले होते. अंगात आज सकाळी घातलेला हाच निळा कुर्ता. मी आईला चमच्याने सूप भरवत होते.



भरवता भरवता तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "आई, कोण गं ही?" आवाजही माझाच.

आईने फोन डोळ्यांजवळ धरून मला नीट निरखलं.

"कोण जाणे," ती म्हणाली आणि कॉल बंद केला.