तालाचे आकडे

परवा तालमीत नवी रचना बसवताना बाबांनी सात मात्रांचा ताल आठचा समजून संचालनाचा हात फिरवला आणि अख्खा वाद्यवृंद घसरला. “तुमचे आकडे मुंगीएवढे! मोठे कर,” ते माझ्यावरच डाफरले. संगीत लिहायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो, म्हणून आज त्यात तालाचे आकडे हवे तसे दाखवायची सोय करून मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. आकडे ओळीच्या वर नेले, दुप्पट केले, पानभर उंच केले. “छे, फिकेच आहेत.” धास्तावून मी पुन्हा बटण दाबलं, ते ‘लपवा’चं निघालं. पानावरचे आकडे गायब झाले. “हां, आता कसे ठसठशीत दिसतात!” बाबा खुशीत म्हणाले. जुन्या रचना त्यांना तोंडपाठ. कुणाला संशय येणार कसा? “चला, नातीची शाळा सुटली असेल,” म्हणत त्यांनी टेबल चाचपून गाडीची किल्ली उचलली, रोजच्यासारखी.