रुमाल टाकून धरलेली जागा

कोल्हापूर स्टँडवर बेळगाव गाडी लागली तशी तानाबाईनं खिडकीतून आधी पिशवी टाकली, मग रुमाल. पिशवी स्वतःसाठी. रुमाल गर्दीत मागं पडलेल्या त्या गोऱ्या, परदेशी पोरीसाठी. पोरीच्या पाठीवर तिच्याहून मोठी सॅक होती, अन् संगती कुणी नव्हतं.

पोर आत आली. सीटवरचा रुमाल उचलून तिनं घडी घातली, तानाबाईच्या हातात दिला आणि उभीच राहिली.

"अगं येडे, जागा धरलीया तुझ्यासाठी. बस की!" तानाबाईनं दंडाला धरून तिला खिडकीशी बसवलं.

कंडक्टर शशिधर तिकिटं काढत आला. ओळख रोजची. "मावशी, क्रांतीचा फोन आला?"

"न्हाई वो मास्तर. पाचवा दिस. लेक शेवटचं बोलली तवा व्हिएतनामात कुठल्या डोंगरातल्या गाडीत बसत हुती. एकटीच."

"रेंज नसंल तिकडं."

"तिकडं कोण रुमाल टाकत असंल व्हय तिच्यासाठी?"

शशिधरचं बोट तिकिटाच्या यंत्रावर घुटमळलं. "कागलच न्हवं?"

गोकुळ शिरगाव गेलं. तानाबाईनं फडक्यातली भाकरी मोडली, खर्डा लावून अर्धी पोरीला दिली. पोरीनं खाल्ली, डोळ्यांतनं पाणी काढलं, हसली आणि थोड्या वेळानं तानाबाईच्या खांद्यावर मान टाकून झोपली. झोपेत गोरेपण उतरलं. नुसती लेक उरली.

पोरीच्या मांडीवरचा फोन थरथरला. पडद्यावर पांढऱ्या केसांची बाई. थांबला, पुन्हा थरथरला. चौथ्यांदा तानाबाईला राहवलं नाही. हिरवं वर सरकवायचं, एवढं क्रांतीनं शिकवलं होतं.

पडद्यात ती बाई आली. तानाबाईला बघताच तिचा हात तोंडावर गेला.

"भिऊ नगासा. हाय हितं. जेवलीया, झोपलीया." तानाबाईनं फोन फिरवून झोपलेल्या पोरीच्या तोंडासमोर धरला.

पलीकडं ती बाई पडद्याजवळ सरकली आणि लेकीला डोळे भरून बघत राहिली.

"मावशी, कागल! उतरा की." शशिधरनं घंटी मारली.

तानाबाई हलली नाही. हात भरून आला होता. कमरेला खोचलेला तिचा फोन गप्प होता.

"फुडचं तिकीट काढा, मास्तर," ती हळू म्हणाली. "हिच्या आईचं बघून व्हायचं हाय अजून."