बोंबलणारे ब्रेक

"तू नुसती सायकल धर, तोंड उघडू नकोस," नवरा दुकानदारासमोरच म्हणाला. त्याची घडीची सायकल रिक्षात मांडीवर घेऊन तीच आली होती. साहेबांच्या पँटला ग्रीस लागलं असतं ना.

दुकानदारानं ब्रेकचे दोन जोड पुढे ठेवले. "हे मऊ रबराचे, अजिबात आवाज नाही. हे कडक, पण तुमच्या जुन्यांसारखेच बोंबलतील."

"मऊच घ्या ना," ती चटकन म्हणाली. लग्न झाल्यापासून ती एवढं नक्की शिकली होती: भिंती पिवळ्या हव्या असल्या, की निळ्याचं कौतुक करायचं.

तो दुकानदाराकडे बघून कुत्सित हसला. "ऐकलंत? हिला मऊ हवेत. कडकच बसवा हो."

हसू दिसू नये म्हणून तिनं मान खाली घातली.

संध्याकाळी फाटकाशी ब्रेक बोंबलले. आत सासूबाईंनी रमीचे पत्ते झटकन उशीखाली सारले, मुलीनं टीव्ही बंद करून पुस्तक उघडलं आणि मघापासून खिदळणारं घर चिडीचूप झालं.

"जुन्यांपेक्षा लांबून ऐकू येतात गं," सासूबाई कुजबुजल्या. "कुणी निवडले?"

"तुमच्याच चिरंजीवांनी," म्हणत ती दार उघडायला गेली.