दहा पावलं पुढे

सत्त्याण्णव साली एडिनबरातल्या पुलाखालच्या तळघरांत गाईडबाई सहा जणांना घेऊन उतरली. पायऱ्यांवरच पद्माकरने दम्याचा पंप बायकोच्या पर्समध्ये कोंबला. स्वतः डॉक्टर, पण अक्कल गहाण! “कोटाचा खिसा फुगलेला दिसतो, गोऱ्यांसमोर शोभा नको. आणि सुहासिनी, माझ्या पायापायात येऊ नकोस. मागून ये.” लग्नाला तेवीस वर्षं झाली, हा गडी कायम दहा पावलं पुढे. म्हणून अंधारातून बाहेर पडताना तिने मागे पाहिलंच नाही. पुढेच असणार, जातोय कुठे? उजेडात गाईडबाईने डोकी मोजली. पाचच भरली. “मिसेस, तुमचे मिस्टर कुठायत?” तेवढ्यात तळघरातून खोकल्याची उबळ ऐकू आली. श्वास पुरत नव्हता. “अहो, आहात तिथेच थांबा! पंप आणतेय!” गाईडबाईच्या हातातला टॉर्च हिसकावून सुहासिनी आत धावली. आज पहिल्यांदाच ती पुढे होती. दहाव्या पावलाला खोकला थांबला.